उंदराच्या पाणथरीतला तह

१९३३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात मेंदूज्वराची साथ आली. हजारावर माणसं आजारी पडली, दोनशेच्या आसपास दगावली. कारण शोधायला सरकारी आरोग्यसेवेतले डॉक्टर चार्ल्स आर्मस्ट्राँग कामाला लागले. विषाणू प्रत्यक्ष दाखवणारं यंत्र तेव्हा कुणाच्या हाताशी नव्हतं. रुग्णाच्या मेंदूतला अंश माकडाला टोचायचा, ते आजारी पडलं की त्याच्यातला अंश पुढच्या माकडाला टोचायचा, असा माग काढत जायचं. या खटाटोपात १९३४ साली आर्मस्ट्राँग आणि त्यांचे सहकारी राल्फ लिली यांच्या हाती एक विषाणू लागला, पण तो साथीचा नव्हताच. भलताच कुणीतरी मध्ये घुसला होता. त्याची लागण झालेल्या प्राण्यांच्या मेंदूच्या आवरणात लिम्फोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशींची दाटी दिसे, म्हणून त्याचं बारसं झालं ‘लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस’ असं. एवढं लांबलचक नाव कुणाच्या तोंडी बसणार? प्रयोगशाळांत तो एलसीएमव्ही झाला.

मुळात हा घरात-गोदामात फिरणाऱ्या उंदरांचा विषाणू. माणसाला तो क्वचितच गाठतो. सार्वजनिक आरोग्याच्या हिशेबात त्याला फारशी किंमत नव्हती, आजही नाही. पण एचआयव्ही किंवा हिपॅटायटिससारखा विषाणू वर्षानुवर्षं शरीरात ठाण मांडून बसला तर पांढऱ्या पेशींचं काय होतं, याबद्दल जे काही आज ठामपणे सांगता येतं, त्यातलं बरंचसं या बिनमहत्त्वाच्या विषाणूने शिकवलं आहे. ‘याचा उपयोग काय?’ असं विचारून संशोधनाचा पैसा अडवणाऱ्यांनी ही नव्वद वर्षांची कथा एकदा वाचावी.

आर्मस्ट्राँग यांच्या पाठोपाठ प्रिन्स्टनमध्ये, रॉकफेलर संस्थेच्या शाखेत, एरिक ट्राउब या जर्मन पशुवैद्यकाला आपल्याच पांढऱ्या उंदरांच्या पैदाशीत हा विषाणू मुक्कामाला आलेला दिसला. (ट्राउब यांचं पुढचं आयुष्य अभिमानाने सांगावं असं नाही, जर्मनीत परतून ते नाझी राजवटीत रीम्स बेटावरच्या प्राणिरोग संस्थेत होते.) त्यांनी पाहिलं ते विचित्र होतं. वाढ झालेल्या उंदराच्या मेंदूत विषाणू टोचला तर काही दिवसांतच तो आचके देऊन मरे. आईच्या पोटात असतानाच लागण झालेली पिल्लं मात्र रक्तात विषाणू वागवत खुशाल वाढत, त्यांना पिल्लं होत आणि तीही तशीच निघत. एकच विषाणू आणि एकाच जातीचे उंदीर, पण एक तडफडून मरतो आणि दुसऱ्याला त्याची दादही नसते.

मेलबर्नचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९४९ साली फ्रँक फेनर यांच्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकात हे उंदीर साक्षीला काढले. गर्भात असताना जे भेटतं त्याला शरीर आपलंच मानतं आणि पुढे त्याच्यावर उठत नाही, असा त्यांचा तर्क. १९५३ मध्ये लंडनला पीटर मेडावार आणि सहकाऱ्यांनी त्वचारोपणाचे प्रयोग करून तो खरा करून दाखवला आणि १९६० चं नोबेल बर्नेट आणि मेडावार यांना मिळालं. तर्क मोठाच होता. पण ट्राउब यांचे उंदीर त्यात पुरते मावत नव्हते. साठच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात मायकेल ओल्डस्टोन आणि फ्रँक डिक्सन यांना अशा उंदरांच्या मूत्रपिंडांत विषाणूला चिकटलेली प्रतिपिंडं साचलेली सापडली. म्हणजे शरीर अगदीच गप्प बसलेलं नव्हतं. प्रतिकाराचा एक हात बांधलेला होता, दुसरा चालू होता.

त्याआधीच, पन्नासच्या दशकात, वॉलेस रो यांनी आणखी एक कोडं घालून ठेवलं होतं. मोठ्या उंदरांना आधी क्ष-किरणांनी भाजून त्यांच्या पांढऱ्या पेशी कमी केल्या आणि मग मेंदूत विषाणू टोचला, तर ते वाचत. याचा सरळ अर्थ असा की उंदीर विषाणूने मरतच नव्हता. विषाणू पेशींना फारशी इजा न करता त्यांच्यात राहत होता. उंदराचा जीव घेत होत्या त्या त्याला हुसकायला धावलेल्या पांढऱ्या पेशी.

ही गोष्ट मनात पक्की धरून ठेवावी, पुढे तिच्यावरच सगळं येऊन थांबतं.

सत्तरच्या दशकात या पेशींना नाव-गाव मिळालं. थायमस ग्रंथीत तयार होणाऱ्या टी पेशी, आणि त्यांतल्या लागण झालेल्या पेशीला थेट ठार करणाऱ्या मारक पेशी. कॅनबेरात पीटर डोहर्टी हे ब्रिस्बेनचे पशुवैद्यक आणि स्वित्झर्लंडहून आलेले रोल्फ झिंकरनागेल यांनी पुन्हा एलसीएमव्हीच निवडला. आजारी उंदराच्या मानेमागून, मेंदूच्या बुडाशी अगदी बारीक नळी घालून पाण्यासारखा द्रव काढायचा. एका उंदरातून जेमतेम थेंबभर द्रव मिळे, पण त्यात मारक पेशी ठासून भरलेल्या असत. त्या खरंच मारतात का, हे कसं कळावं? लागण झालेल्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियम पाजायचं, त्यांच्यावर मारक पेशी सोडायच्या आणि काही तासांनी वरचं पाणी मोजायचं. पेशी फुटली की क्रोमियम बाहेर सांडतं. जितका किरणोत्सार वर, तितके मुडदे खाली. याच मोजणीतून १९७४ मध्ये त्यांनी दाखवलं की मारक पेशी विषाणू नुसता ओळखत नाही. स्वतःच्याच उंदराची खूण असलेल्या पेशीवर तो दिसला तरच ती वार करते. या शोधाला नोबेल मिळायला १९९६ उजाडलं.

इथपर्यंत गणित सोपं वाटत होतं. विषाणू आला की टी पेशी जाग्या होतात, हजारो पटींनी वाढतात, आठवड्याभरात काम उरकतात. मग बहुतेक मरून जातात आणि थोड्या आठवण ठेवून मागे राहतात. विषाणू गेलाच नाही तर काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

ते शोधणाऱ्या माणसाचं शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात सुरू झालं होतं. रफी अहमद तिथून अमेरिकेत गेले, हार्वर्डमधून डॉक्टरेट घेतली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ला होयाच्या स्क्रिप्स संस्थेत ओल्डस्टोन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. तिथे त्यांनी आर्मस्ट्राँग यांच्याच विषाणूची जन्मापासून लागण असलेले उंदीर घेतले आणि त्यांच्या एकेका अवयवातून विषाणू परत वेगळा केला. काम कंटाळवाणं. पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाटायची, तो रस पातळ पातळ करत जायचा, बशीतल्या पेशींच्या सायीसारख्या थरावर पसरायचा. काही दिवसांनी थरात टाचणीच्या डोक्याएवढी फिकट भोकं पडतात. प्रत्येक भोक म्हणजे एकाच विषाणूचा वंश. ते टोचून उचलायचं, वाढवायचं आणि त्याला क्रमांक द्यायचा.

मेंदूतून काढलेले वंश जुन्या आर्मस्ट्राँगसारखेच वागले. निरोगी उंदराला दिले की आठ-दहा दिवसांत त्यांचा निकाल लागे. पाणथरीतल्यांचा स्वभाव मात्र पालटला होता. त्यांतला ‘क्लोन १३’ मोठ्या, धडधाकट उंदराला शिरेतून दिला तर तो दोन-तीन महिने रक्तात टिके, मूत्रपिंडात त्याहूनही जास्त. मारक पेशींची क्रोमियम-चाचणी जवळजवळ कोरी येई. १९८४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे दोन्ही विषाणूंची जनुकीय अक्षरं ताडून पाहिली तेव्हा निर्णायक असे फरक निघाले अवघे दोन: एका बदलाने विषाणूला प्रतिकारपेशींच्या दारावर घट्ट पकड मिळत होती, दुसऱ्याने त्याची पैदास भराभर होत होती.

शास्त्रज्ञांच्या दृष्टीने ही लॉटरीच होती. एकाच उंदरात, जवळपास एकाच विषाणूने, झटपट बरा होणारा आजार आणि जुनाट आजार असे दोन्ही हवे तेव्हा घडवता येऊ लागले. त्याच सुमारास जगभर एड्स पसरत होता, त्यामुळे प्रश्नाला धारही आली होती.

मारक पेशी जातात कुठे? १९९३ मध्ये झ्यूरिकला झिंकरनागेल यांच्या प्रयोगशाळेत डेमेट्रियस मॉस्कोफिडिस यांनी एलसीएमव्हीच्याच दुसऱ्या, हट्टी वाणाचा मोठा डोस देऊन पाहिलं. पेशी आधी जाग्या झाल्या, वाढल्या आणि मग काही दिवसांत नाहीशा झाल्या. निष्कर्ष निघाला की अति कामाने त्या थकून संपल्या. त्या काळच्या साधनांनी दुसरा निष्कर्ष निघणंही कठीण होतं, कारण पेशी मोजायची म्हणजे तिने केलेलं काम मोजायचं. जी काम करत नाही ती असूनही मोजणीत येत नव्हती.

ही अडचण १९९६ मध्ये सुटली. स्टॅनफर्डमध्ये जॉन ऑल्टमन आणि मार्क डेव्हिस यांनी विषाणूचा तुकडा धरून बसलेल्या चार रेणूंची एक चमकणारी जुडी बनवली. त्या तुकड्यासाठीच जन्मलेली टी पेशी तिला बिलगते आणि यंत्राखाली चमकते, मग ती काम करो वा न करो. अहमद तोवर अटलांटाच्या एमरी विद्यापीठात आले होते, ऑल्टमनही तिथेच आले. १९९८ मध्ये ॲलन झायाक आणि सहकाऱ्यांनी ही जुडी क्लोन १३ च्या उंदरांवर लावली. मारक पेशींना हात देणाऱ्या साहाय्यक टी पेशी नसलेल्या उंदरांत, विषाणू रक्तात भरलेला असताना, मारक पेशी जागच्या जागी होत्या! पृष्ठभागावर जागृतीच्या सगळ्या खुणा होत्या. पण विषाणूचा तुकडा समोर धरला तरी त्या ढिम्म. गिरणीत हजेरी लावायची, पाळी भरायची आणि मागाला हात लावायचा नाही, तशातला प्रकार. त्याच वर्षी झ्यूरिकच्या गटालाही हेच दिसलं. विषाणूचे काही तुकडे ओळखणाऱ्या पेशी मात्र खरोखरच मरून संपत होत्या, म्हणजे १९९३ चा निष्कर्ष निम्मा बरोबर होता.

मला या शोधाचं फार अप्रूप वाटतं. तोवर पेशी जागी असते किंवा झोपलेली, नाहीतर मेलेली, असेच प्रकार ठाऊक होते. ही पेशी सतत जागी होती आणि नेमकी म्हणूनच निकामी झाली होती. २००३ मध्ये जॉन व्हेरी यांनी या निकामीपणाची पायरी-पायरी मांडली. आधी वाढीचा संदेश देणारं इंटरल्यूकिन-२ बनवणं बंद होतं आणि मारण्याची ताकद जाते, मग टीएनएफ हा संदेशरेणू बनणं थांबतं, आणि इंटरफेरॉन-गॅमा सगळ्यात शेवटी. विषाणू जितका जास्त आणि जितके जास्त दिवस समोर, तितकी घसरण खोल.

आता थोडं मागे, क्योटोला. तिथे १९९२ मध्ये तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत यासुमासा इशिदा पेशी मरताना कोणतं जनुक चालू होतं ते शोधत होते. जे सापडलं त्याला त्यांनी पीडी-१ म्हटलं. मरणाशी त्याचा थेट संबंध नाही हे हळूहळू उमगलं. मग ते करतं काय? होंजो यांच्या गटाने ते जनुकच नसलेले उंदीर तयार केले आणि वाट पाहिली. लगेच काहीच झालं नाही. उंदीर वयस्क झाले तसे त्यांचे सांधे आणि मूत्रपिंडं सुजू लागली. दुसऱ्या एका वाणात हृदय निकामी झालं. त्यांचीच प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटली होती. पीडी-१ हा टी पेशीचा लगाम होता. तो ओढणारा रेणू, पीडी-एल१, बोस्टनचे गॉर्डन फ्रीमन यांच्या साथीने २००० मध्ये ओळखला गेला.

अटलांटा आणि बोस्टनची गाठ पडली ती जनुकांच्या याद्या ताडताना. थकलेल्या आणि ठणठणीत पेशींत कोणती जनुकं कमीजास्त आहेत हे पाहिलं, तेव्हा पीडी-१ डोळ्यांत भरण्याइतकं वर होतं. अहमद यांच्या गटातल्या डॅनियल बार्बर यांनी क्लोन १३ च्या उंदरांना लागणीनंतर तीन आठवड्यांनी पीडी-एल१ झाकून टाकणारी प्रतिपिंडं दिली. दोन आठवड्यांत निकामी पेशी वाढल्या, इंटरफेरॉन सोडू लागल्या, विषाणू उतरला. २००६ च्या ‘नेचर’मधला हा शोधनिबंध गाजला तो यासाठी. गाजण्यासारखाच होता.

त्याच निबंधात आणखी एक प्रयोग आहे आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा. जन्मतःच पीडी-एल१ नसलेले उंदीर घेतले. म्हणजे पेशींना पहिल्या दिवसापासून लगाम नाही, थकवा नाही. त्यांना क्लोन १३ दिला. विषाणूचा फडशा पडेल असं वाटावं. उंदीर आठवड्याभरातच मेले. वॉलेस रो यांच्या उंदरांना जे क्ष-किरणांनी वाचवलं होतं, ते इथे साध्या उंदराला त्याचं शरीरच पुरवत होतं. शत्रू सगळीकडे पसरला आहे, प्रत्येक लागण झालेली पेशी मारायची तर अवयवच उरणार नाहीत, अशा वेळी शरीर तह करतं. पांढऱ्या पेशी हरल्या असं आपण म्हणतो. त्यांना थांबवलं गेलं होतं.

त्याच वर्षी बोस्टनच्या ब्रूस वॉकर यांच्या गटाने दक्षिण आफ्रिकेत डर्बनला, औषधोपचार सुरू न झालेल्या ७१ एचआयव्हीबाधितांचं रक्त तपासलं. एचआयव्ही ओळखणाऱ्या मारक पेशींवर पीडी-१ जितकं जास्त, तितका रक्तात विषाणू जास्त आणि साहाय्यक पेशी कमी. उंदराचा नियम माणसालाही लागू होता. एचआयव्हीत मात्र आणखी एक फास असतो. २००६ मध्येच डॅनियल डोएक यांच्या गटाने दाखवलं की या विषाणूने आतड्याची भिंत पाझरू लागते, जिवाणूंचे अंश रक्तात शिरतात आणि विषाणूशी काही देणंघेणं नसलेल्या टी पेशीसुद्धा कायम चेतलेल्या राहतात. याउलट सूटी मँगाबे जातीच्या आफ्रिकी माकडांत एचआयव्हीचा भाऊबंद रक्तात भरपूर असतो, तरी त्यांच्या पेशी शांत राहतात आणि एड्स सहसा होतच नाही. त्यांनी तह लवकर आणि चांगल्या अटींवर केला, असं म्हणायला हरकत नाही.

पुढचा भाग वर्तमानपत्रांतून सर्वांना ठाऊक आहे, म्हणून आवरतं घेतो. कर्करोगाची गाठही टी पेशींना वर्षानुवर्षं समोर दिसत राहते आणि हाच लगाम ओढते. लगाम सोडवणारी औषधं २०१४ मध्ये आधी जपानात आणि मग अमेरिकेत मंजूर झाली आणि २०१८ चं नोबेल होंजो आणि जेम्स ॲलिसन यांना मिळालं. त्या यादीत रफी अहमद नव्हते याची हळहळ अनेकांना वाटली, मलाही वाटते. आपल्याकडे प्रश्न किमतीचा. तंबाखूने तोंड-घशाच्या कर्करोगाचं प्रमाण आपल्याकडे इतकं मोठं, आणि ही औषधं सामान्य घराच्या आवाक्याबाहेर. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये कुमार प्रभाष, विजय पाटील आणि सहकाऱ्यांनी निवोलुमॅबचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस दर तीन आठवड्यांनी देऊन पाहिला. नेहमीचा एक डोस २४० मिलिग्रॅमचा असतो. चाचणीत १५१ रुग्ण होते. नुसत्या गोळ्यांच्या उपचारावर वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्के होतं, या छोट्या डोसची जोड दिल्यावर ते ४३.४ टक्के झालं. लगाम सोडवायला किती औषध लागतं, हा प्रश्न या चाचणीने नव्याने उघडला.

लगाम सोडला तरी पेशी पूर्ववत होते का? नाही. २०१६ मध्ये दोन गोष्टी पुढे आल्या. अहमद यांच्या गटाला दिसलं की उपचाराला प्रतिसाद देतात त्या पूर्ण थकलेल्या पेशी नव्हेतच; पाणथरीच्या आतल्या भागात दडलेला, बियाण्यासाठी राखलेला एक छोटा साठा असतो, तोच वाढतो. आणि व्हेरी यांच्या गटाला दिसलं की उसळी घेतलेल्या पेशी काही काळाने परत मागच्या वळणावर जातात, कारण त्यांच्या जनुकांवरची बंद-चालूची घडी बदललेली नसते. हिपॅटायटिस सीच्या रुग्णांत तर विषाणू औषधाने पूर्ण निघून गेल्यावरही ही घडी बऱ्याच अंशी तशीच राहते, असं २०२१ मध्ये वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. तहाच्या अटी शत्रू गेल्यावरही पाळल्या जात होत्या.

विषाणूंच्या आजारात ही औषधं वापरायला डॉक्टर अजून कचरतात आणि ते बरोबरच आहे. एचआयव्हीचा रुग्ण रोजच्या गोळ्यांवर चांगला जगत असताना त्याच्या थायरॉइड, फुप्फुस, आतड्यांवर त्याच्याच पेशी सोडण्याचा धोका कोण पत्करेल? पण जिथे दुसरा इलाजच नाही तिथे पत्करावा लागतो. जेसी नावाचा विषाणू असंख्य लोकांच्या शरीरात आयुष्यभर निमूट पडून असतो. प्रतिकारशक्ती ढासळली की तो मेंदूत शिरतो आणि मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतो. त्याच्यावर औषध नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अशा आठ रुग्णांना पीडी-१ रोखणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅबचे एक ते तीन डोस दिले गेले. निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. पाच जणांचा आजार थांबला किंवा सुधारला, मेंदूभोवतीच्या द्रवातला विषाणू कमी झाला, जेसीला ओळखणाऱ्या टी पेशी कामाला लागल्या. उरलेल्या तिघांत विषाणूही हलला नाही आणि पेशीही.